ओल्या सरकीचा वास

खेमसिंग पाडलेल्या इमारतींतलं जुनं लाकूड विकायचा. मारेगावजवळच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा बंगला पाडायला काढला, तेव्हा दारं, चौकटी, कपाटं सगळं त्यानंच उचललं. त्यातल्या एका सागवानी कपाटाचा खालचा खण काही केल्या निघेना. ठोकून बाहेर काढला तर मागच्या पोकळीत फडक्यात गुंडाळलेला एक पाईप निघाला. तंबाखू ओढायचा, साहेब लोकांचा असतो तसा.

तो घेऊन खेमसिंग पांढरकवड्याला अतुलच्या दुकानात आला. अतुल दातांच्या कवळ्या करायचा. डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा मागच्या खोलीत बसून दात बसवायचा. खेमसिंगच्या आईची, लालीबाईची, कवळी मोरीत पडून दुभंगली होती.

"मायची कवळी जोडून दे, अतुलभाऊ," खेमसिंग म्हणाला. "आन हे ठेव तुले. तुले असल्या भंगाराचा लय शौक."

शौक होताच. बंद घड्याळं, गंजलेले अडकित्ते, तुटक्या फाउंटन पेना असं काय काय अतुल दुरुस्त करून घरच्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायचा. पण हा पाईप त्याला वेगळा वाटला. एवढा मोठा असून हातात वजनच नव्हतं. वरचा मळ इतका की लाकडाचा आहे का हाडाचा, कळेना. स्पिरिटमध्ये कापूस किंचित ओला करून त्यानं एका जागी पुसलं, तर खालून दुधासारखा पांढरा ठिपका निघाला.

मोबाईलवर शोधून त्याला नाव कळलं, मीरशॉम. तुर्कस्तानात जमिनीखाली मिळणारा मऊ दगड. तो धूर पितो आणि ओढणाऱ्याच्या सवयीप्रमाणे वर्षानुवर्षं रंग धरतो. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा मधासारखा, मग कत्था.

मग रोज संध्याकाळी घराच्या मागच्या ओसरीत अतुल पाईप घेऊन बसू लागला. दगड मऊ, म्हणून पाणी लावायचं नाही, घासायचं नाही. आतला काजळीचा थर त्यानं मेण कोरायच्या पात्यानं थोडा थोडा खरवडला. नळी साफ करायला दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश कामी आले. मळ गेला तसं नक्षीकाम दिसू लागलं. गरुडाचा पंजा होता, आणि त्या नख्यांत धरलेलं एक अंडं. अंड्याच्या पोटात तंबाखू भरायची. पंजाची कातडी, नख्यांवरच्या रेघा, सगळं इतकं बारीक कोरलेलं की त्याच्या बायकोनं, दीपानं, पाहिल्यावर हातच लावला नाही.

"कसं धरलं आहे पाहा ना त्यानं," ती म्हणाली. "फुटू नये असं, आन सुटू नये असं."

ओढायचं टोक अंबराचं होतं, दगड झालेल्या डिंकाचं, पिवळं. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. अतुलचा जन्म दातांत गेलेला. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि त्याला माणसाचं तोंड दिसलं. हा माणूस पाईप डावीकडे धरत होता, आणि त्याचा वरचा सुळा थोडा आत वळलेला होता. अतुलनं पॉलिशच्या मशीनवर हलक्या हातानं त्या खुणा घालवल्या. टोक काचेसारखं गुळगुळीत झालं. शेवटी गरम हवेवर पाईप तापवून त्यानं बाजारातून आणलेलं मधाच्या पोळ्याचं मेण लावलं. मेण आत जिरलं आणि पंजाच्या मनगटापासून वरपर्यंत मधाचा रंग चढत गेला, जणू कोणी दिवा लावला. अतुल त्या संध्याकाळी पाईप मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिला.

आता दीपाचं सांगायला हवं. दीपा मसाले करायची. काळा मसाला, गोडा मसाला, सांबाराचा. धणे केव्हा उतरवायचे, खोबरं केव्हा थांबवायचं हे ती नाकानं ठरवायची. गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे तिला दारातून कळायचं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली, दवाखान्यातून वाचून आली, पण वास गेला तो गेलाच. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. मसाल्याचे दोन घाणे जळाले तेव्हा तिनं खलबत्ता माळ्यावर टाकून दिला. त्यानंतर ती जेवायची, पण जेवणाबद्दल कधी काही बोलायची नाही. मुलगी अर्पिता पुण्याला नोकरीला. घरात हे दोघंच.

अतुलनं नागपूरहून पाईपची तंबाखू मागवली. त्याला व्यसन नव्हतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, पंचशीलाचा धाक लहानपणापासून. पण एवढी मेहनत केली तर एकदा ओढून पाहावा, असं त्यानं मनाशी ठरवलं. दिवेलागणीला ओसरीत बसून त्यानं पाईप भरला, काडी लावली. धूर थंड होता आणि गोडसर, भाजलेल्या मनुकांसारखा. त्यानं डोळे मिटले. फार बरं वाटलं त्याला.

तेवढ्यात दीपा हातात भाकरी उलटायचा सराटा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मागं जनावरं आलीत का? सरकीचा वास येऊन राह्यला. ओल्या सरकीचा."

अतुलनं तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे तिच्याही तेव्हाच लक्षात आलं.

"काय म्हनलं तू?"

"वास," ती म्हणाली. तिच्या हातातला सराटा खाली पडला. "मले वास आला."

ती रडली, हसली, सगळं केलं. अतुलनं तिच्या नाकाशी कांदा धरला, हिंगाची डबी धरली, दुकानातून आणलेलं उग्र रसायन धरलं. काहीच नाही. मग त्यानं पुन्हा पाईप पेटवला, आणि ती म्हणाली, "हे पाहा, आला. सरकी. आन घोड्याच्या जिनाचं चामडं असते ना, तसं."

"तंबाखूचा नाही येत?"

"तंबाखू कुठं आहे याच्यात?"

अतुलला तर फक्त तंबाखूचाच वास येत होता.

पण जिला चार वर्षं कशाचाच वास नाही, तिला सरकीचा येतो याच्यापुढे बाकीचं कोण विचारतो? अतुल रोज संध्याकाळी पाईप पेटवू लागला. दीपा शेजारी पाटावर बसायची, डोळे मिटून, आणि सांगायची. इस्त्रीच्या कपड्यांचा वास. लिंबू कापलेलं. दाढीच्या साबणाचा. मशीनच्या तेलाचा. तिचा चेहरा उजळून निघायचा. कितीतरी दिवसांनी तिनं अतुलच्या गुडघ्यावर हात ठेवून गप्पा मारल्या. अतुललाही ती संध्याकाळची घटका हवीशी झाली. पाईपचा रंग तर दिवसागणिक असा पिकत होता की मोबाईलवरच्या जाणकारांनीही तोंडात बोट घातलं असतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या रंगाला वर्षं लागतात.

मग एका रविवारी पाईप साफ करताना अतुलला टोकावर खुणा दिसल्या. त्यानं भिंग घेतलं. डाव्या बाजूला दात उमटले होते, आणि त्यांत एक सुळा आत वळलेला. अतुल पाईप उजवीकडे धरायचा. आणि त्याचे सुळे सरळ होते.

त्यानं दीपाला सांगितलं नाही. पुन्हा पॉलिश केलं. आठवड्यात खुणा परत आल्या.

दीपाकडेही न सांगण्यासारखं काही होतं, हे त्याला नंतर कळलं. एकदा ती स्वयंपाकघराच्या दारातून पाण्याची बादली घेऊन येत होती. येता येता थांबली, अंग चोरून चौकटीला टेकली, आणि कोणाला तरी वाट द्यावी तशी थोडा वेळ उभी राहिली. मग पुढे आली. पाईप त्या वेळी कपाटात होता, विझलेला.

"काय झालं?" अतुलनं विचारलं.

"काही नाही."

"दीपा, काहून थांबली होती?"

तिनं बादली खाली ठेवली. "थे जाऊन राह्यले होते," ती म्हणाली. "पाईप नसला तरी येतात आता. ओसरीतून येतात, मधल्या खोलीत जातात, मग इकडं. दरेक खोलीत थोडं थोडं थांबतात. काही हरवलं असन तसं."

"कोण थे?"

"मले काय माहीत? मले दिसत थोडीच. वास येते."

"भेव नाही वाटत तुले?"

दीपानं बादली उचलली. "नाही. भल्या माणसाचा वास आहे."

भूतखेत, बाहेरची बाधा हे शब्द या घरात आजोबांच्या काळापासून फक्त हसण्यासाठी निघत. अतुल हसला नाही. तो मधल्या खोलीत गेला, खाट, टीव्ही, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जिथल्या तिथं होतं. तरी तो पाठ भिंतीला लावूनच बाहेर आला.

त्यानं पाईप ओढणं बंद केलं. तर वास कधीमधीच येई, आणि दीपा सुकू लागली. संध्याकाळ झाली की ती ओसरीत येऊन बसायची, एखाद्या वेळी आपण होऊन बोलायची, "आज साबण नाही लावला," किंवा "पावसात भिजून आले." अतुल शेजारी बसलेला असायचा. एकदा त्याच्यानं राहवलं नाही.

"मी बसलो आहे तुझ्याजवळ. माझा काही वास येते का?"

ती त्याच्या खांद्यापाशी झुकली. बराच वेळ तिनं श्वास घेतला.

"नाही येत," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, पण ती खोटं बोलली नाही. "त्यायचं सगळं कळते मले. दमले का, न्हाले का, कोणत्या दारात उभे हायत. तुमी इथं असून नसल्यावानी वाटता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अतुलनं खेमसिंगला गाठलं. बंगल्याबद्दल कोणाला माहीत असेल, असं विचारलं. खेमसिंग म्हणाला, "उकंडाबाबा हाय ना. बंगला पाडला तवा रोज येऊन समोर बसे. लेकराचं मयत पाह्यल्यावानी."

उकंडाबाबा मारेगावात नातवाकडे राहत होते. तरुणपणी जिनिंगमध्ये चौकीदार होते. आता अंग वाळून काडीसारखं झालेलं, पण बोलणं स्वच्छ. अतुलनं खिशातून पाईप काढला तसे ते बाजेवर सरळ होऊन बसले. हात पुढे केला नाही.

"डिसा साहेबाचा हाय," ते म्हणाले. "कुठी सापडला?"

अतुलनं सांगितलं.

"साहेब गोव्याकडचे. मॅनेजर होते. बाईचे डोळे गेलते, लगन झाल्यावर काही वर्षांत. साहेब घरात कुठी हायत हे बाईले कळलं पायजे ना? म्हणून थे पाईप पेटता ठेवत. ओढत कमी, पेटता ठेवत जास्त. बाई नाकानं पाहे त्यायले. साहेब फाटकातून आत शिरले का बाई चहा ठेवा म्हणे."

"मग?"

"मग साहेबाच्या अंगावर रुईच्या गठाणी आल्या. गोदामात. जागीच गेले." उकंडाबाबांनी पाईपकडे पाहिलं. "बाई मले म्हणे, उकंडा, तू रोज संध्याकाळी पाईप पेटवून फाटकापासून खुर्चीपर्यंत आणत जा. म्या आणे. बाई खुर्चीजवळ बसून राहे, काही बोले नाही. एक दिवस मी तापानं पडलो, गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागाले गेलो. तं बाई म्हणे, कायची माफी? आलता ना तू. आन म्हणे, फक्त काल तुझे पाय वाजले नाहीत."

नातसुनेनं चहा आणला. दोघांनीही तो तसाच ठेवला.

"बाई कुठी गेल्या?" अतुलनं विचारलं.

"बाईचा भाऊ मोटर घेऊन आला. त्याले हे काही पसंत नव्हतं. पाईप त्यानंच कुठी दडवला असन. बाई हातानं चाचपडत राह्यली, मिळाला नाही. मग नेलं तिले, नागपूरच्या रस्त्यानं. पुढं काही खबर नाही." मग ते अतुलकडे पाहून म्हणाले, "तुमच्या घरी कोणाले दिसत नाही का?"

"दिसते. वास येत नाही."

"तेच थे," उकंडाबाबा म्हणाले, आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

घरी येऊन अतुलनं दीपाला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. बोलणं संपल्यावर तिनं मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बाईले शोधून राह्यले थे," ती म्हणाली. "दरेक खोलीत. आन मी रोज चूप बसून वास घेत राह्यली. एक शब्द नाही बोलली. त्यायले वाटलं असन, हेच आपली बाई."

ती रात्रभर जागी होती का नव्हती, अतुलला कळलं नाही. सकाळी ती म्हणाली, "आपण त्यायले घेऊन जाऊ. बाई जिथून गेली तथी नेऊन सांगू."

रविवारी दुपार कलल्यावर दोघं मोटरसायकलनं मारेगावला निघाले. पाईप अतुलच्या खिशात होता. दोन्हीकडे कपाशीला बोंडं धरली होती. वाटेत अतुलनं मान मागे करून विचारलं, "हायत का?" दीपानं त्याच्या पाठीवर हात थोपटला, म्हणजे हो. त्यानंतर त्यानं आरशात पाहिलं नाही.

बंगल्याच्या जागी आता मोकळं मैदान होतं. लेआऊटचे पांढरे दगड रोवलेले. ओसरीच्या दोन पायऱ्या तेवढ्या शिल्लक होत्या आणि लांब रस्त्याकडे फाटकाचे दोन विटांचे खांब. अतुलनं पायरीवर बसून पाईप भरला. दोन काड्या वाऱ्यानं विझल्या, तिसरी लागली. पाईप पेटला तसे ते दोघं खांबांकडे चालू लागले. सूर्य खाली गेला होता. अतुल पुढे, दीपा थोडी मागे, आणि दोघांच्या मध्ये तिनं एका माणसाएवढी जागा सोडली होती. ती सोडताना ती विचार करत नव्हती, हे अतुलनं पाहिलं.

खांबांपाशी आल्यावर ती थांबली.

"थांबले," ती म्हणाली. मग तिनं रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोलली. "साहेब, बाई इथं नाहीत. घरातही नाहीत. थे मी होती, तुमची बाई नाही. बाईले भावानं नेलं, या रस्त्यानं. त्यायनं पाईप लय शोधला. तुमाले टाकून नाही गेल्या त्या."

रस्त्यानं एक ट्रक गेला. धूळ उडाली, खाली बसली.

"गेले?" अतुलनं हळूच विचारलं.

दीपा उभीच होती. "नाही," ती म्हणाली. "रस्त्याकडे पाहून राह्यले, वाटते. पुढं नाही जात." ती एक पाऊल पुढे सरली. "घामाचा वास येते आता. भेलेल्या माणसाचा असते तसा."

अंधार पडेपर्यंत ते थांबले. शेवटी अतुलनं पाईप विझवला. एका खांबाच्या बुडाशी विटा सुटल्या होत्या, तिथं हातानं माती उकरून त्यानं तो पाईप फडक्यात गुंडाळून पुरला. पंजावर माती लोटताना त्याला आपलंच काही पुरल्यासारखं झालं. इतकं सुंदर काम त्याच्या हातून पुन्हा होणार नव्हतं. मोटरसायकल सुरू केली तेव्हा दीपानं मागे वळून पाहिलं, आणि पांढरकवडा येईपर्यंत ती त्याच्या पाठीला डोकं लावून होती.

घर रिकामं झालं. दारात थांबावं लागेना. दीपाला कशाचाही वास येईना. ती त्याबद्दल बोलली नाही, पण काही दिवसांनी तिनं माळ्यावरचा खलबत्ता खाली काढला. धणे भाजताना ती कान देऊन ऐकायची, रंग पाहायची, एखादा दाणा दाताखाली फोडायची, आणि अतुलला हाक मारून विचारायची, "झाले का?" तो येऊन वास घ्यायचा आणि सांगायचा. तो चुकला तर ती त्याच्यावर ओरडायची. असं दोघांचं मिळून एक नाक झालं होतं.

दिवाळीनंतर मारेगावच्या लेआऊटमधले खांब पाडल्याचं खेमसिंगनं सहज सांगितलं. दीपाच्या हातातला चमचा थांबला. "मग आता उभे कुठी राहत असन?" ती म्हणाली. खेमसिंगला काही समजलं नाही.

उन्हाळ्यात अतुलच्या दुकानात उर्वशी नावाची एक शिक्षिका आली. डॉक्टरांनी घेतलेलं सासऱ्यांच्या कवळीचं माप द्यायचं होतं. सासरे सोबत येऊ शकले नाहीत, साखरेनं त्यांचे डोळे गेले होते. बोलता बोलता तिनं सांगितलं की त्यांनी मारेगावला नवं घर बांधलं, जुन्या जिनिंगच्या लेआऊटमध्ये, रस्त्यालगत, जुनं फाटक होतं तिथला कोपऱ्यावरचा प्लॉट.

अतुलच्या हातातलं माप तसंच राहिलं. "करमतं का सासऱ्यांना तिथं?"

"आधी नव्हतं करमत. चिडचिड करायचे," उर्वशी म्हणाली. "आता संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. दुसरी खुर्चीही टाकायला लावतात शेजारी. म्हणतात, कोणीतरी येऊन बसतं. बोलत नाही, पण सोबत होते." ती जराशी ओशाळून हसली. "वय झालं ना, दादा."

"भीत नाहीत ना?"

"छे! खुशीत असतात उलट."

संध्याकाळी अतुलनं हे दीपाला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवले, मग पुन्हा मळू लागली, जरा जोरात.

"चहा तरी ठेवतात का कोणी?" ती म्हणाली. "त्यायले त्या वेळी चहा लागे."

"कसं सांगू मी त्यांना?"

"कवळी द्याले जासान तवा मी येईन संग. मी सांगीन त्या पोरीले."

अतुल बरं म्हणाला. कवळी तयार होऊन आता आठवडा झाला. ती डबीत ठेवलेली आहे. दर दिवशी सकाळी दीपा विचारते, आज जायचं का, आणि तिथं तिला कोणाचा वास येईल हे आठवून अतुल म्हणतो, उद्या जाऊ.